पाटण्याची शिट्टी

बोकड सकाळपासून मार्कुसचे डेलिया खात होता आणि त्याला हाकलायचं भान घरात कुणालाच नव्हतं.

जामटोलीहून दोन गाड्या भरून माणसं परवाच रांचीत येऊन थडकली होती. पौलुस बिलुंगची मेल्दा देशाच्या संघातून खेळतेय म्हटल्यावर गावात थांबतंय कोण! येताना मंडळींनी एक खस्सी, म्हणजे खच्ची केलेला बोकडही गाडीत चढवला. आमच्याकडे हॉकी म्हटली की बोकड आलाच. तो मैदानाकडेला बांधायचा, जिंकणाऱ्यांनी खांद्यावर घेऊन नाचवायचा आणि मग अख्ख्या टोल्यानं, साऱ्या वस्तीनं मिळून रस्सा-भात हाणायचा. आठ देशांच्या स्पर्धेत चषक देतात, बोकड देत नाहीत, हे पौलुसच्या रांचीत राहणाऱ्या धाकट्या भावानं, मार्कुसनं फोनवर तीन वेळा समजावलं होतं. त्यावर गावानं सरळ सांगितलं, देत नसतील तर आपला आपण आणू.

आणि काल उपांत्य सामन्यात जर्मनीकडून एक-शून्यनं हरलो. हरलो ते हरलो, पण कसं! शेवटच्या मिनिटाला चेंडू मेल्दाच्या डाव्या अंगाला आला, काठी फिरवून सपाट बाजू पुढं आणायची ती तिनं आणलीच नाही, होती तशी गोल पाठ हाणली आणि चेंडू जाळीत! सगळं स्टेडियम उभं राहिलं. तेवढ्यात शिट्टी. काठीच्या पाठीनं मारायचं नसतं, हे आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गोल रद्द, खेळ खलास.

संध्याकाळी पोरीचा फोन आला तो बापाला. "बाबा, मला न्यायला या. पाय दुखावलाय म्हणून सांगितलंय मी. उद्या खेळत नाही मी. कधीच खेळत नाही."

तिसऱ्या क्रमांकाचा सामना आज साडेचारला होता, जपानशी. जिंकलं तर पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेचं तिकीट, हरलं तर बसा घरी. खेळाडूंची नावं बारा वाजता द्यायची होती आणि संघाच्या हॉटेलात घरच्यांना भेटायची परवानगी होती अकराला. आता साडेनऊ झाले होते.

अगस्तिना, म्हणजे मेल्दाची आत्या, मार्कुसच्या क्वार्टरच्या पायरीवर मटार सोलत बसली होती. कालपासून तिच्या तोंडून दहा शब्दसुद्धा निघाले नव्हते. लोकांना वाटलं हरल्याचं दुःख. तिनं तसं वाटू दिलं.

"गाडीत डिझेल भरून आणलंय," पौलुस म्हणाला. "अकराला जायचं, पोरीला उचलायचं, दोनपर्यंत आपण घाटाखाली."

"उचलायचं म्हणजे?" रोजालिया आतून तरातरा बाहेर आली. तिच्या हाताला तळायच्या धुसक्यांचं पीठ तसंच होतं. "ती काय तांदळाचं पोतं आहे? एकोणीस वर्षांची घोडी झाली. रडत फोन केला तर समजूत घालायची की गाडी काढायची?"

"तीच म्हणाली, न्यायला या."

"ती पाचवीत असतानाही म्हणाली होती, शाळा सोडते. तेव्हा सोडली का आपण?"

मार्कुसनं घसा खाकरला. वीज कंपनीत बारा वर्षं कारकुनी केलेला माणूस, दोन्ही बाजूंना मान डोलवायची सवय हाडीमाशी भिनलेली. "मी काय म्हणतो, दादाचंही बरोबर आहे. फोनवर लोक काय काय लिहितायत तिच्याबद्दल, वाचवत नाही. बकऱ्या राखायला जा म्हणे. जंगलात जाऊन खेळ म्हणे."

"ऐक!" पौलुस बायकोकडे वळला. "ऐकलंस? अजून राहू द्यायचं का तिला त्यांच्यात?"

"पण वहिनीचंही," मार्कुस लगेच दुसरीकडे सरकला, "म्हणजे, एकदा सोडलं की परत कोण बोलावतंय?"

"तू एका बाजूला बस बाबा कुठल्यातरी," रोजालिया म्हणाली. "आणि तो बोकड बघ आधी."

मार्कुसनं वळून पाहिलं आणि "अरे देवा!" म्हणत धावला. ऑफिसच्या पुष्पप्रदर्शनासाठी तीन महिने जपलेल्या झाडांपैकी एक धड उरलं होतं. एरवी घर हसून हसून लोळलं असतं. आज कुणी हसलं नाही.

रोजालियाला कुणावर तरी राग काढायचाच होता. ती पायरीकडे वळली. "आणि तू गं आगू? तू का दातखीळ बसल्यासारखी बसलीस? तूच ना तिला बांबूची काठी दिलीस सहाव्या वर्षी? दोन्ही बाजूंनी मार म्हणून तूच शिकवलंस ना? हॉकी सेंटरमधल्या बायांनी सात वर्षं घासलं त्या पोरीला, तरी ऐन वेळी हात तुझ्या वळणावर गेला!"

अगस्तिनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. खोटं काय होतं त्यात? रानातून बांबू आणायचा, विस्तवावर वाकवायचा, झाली काठी. बांबूला सगळ्या बाजू सारख्या. पाठ म्हणून नसतेच त्याला. जामटोलीतली प्रत्येक पोर तसंच शिकते आणि त्यातल्या बहुतेकींना अगस्तिनानंच शिकवलंय.

"खबरदार आगूला बोललीस तर!" पौलुस एकदम कडाडला. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. "तिनं काय भोगलंय ठाऊक आहे ना तुला? पाटण्याला निवड चाचणीत अनवाणी उभी राहिली माझी बहीण, तर भर मैदानात सांगितलं तिला, आधी पाय धुऊन ये. पाय धुऊन ये! सतरा वर्षांच्या पोरीला! आणि नाव कापलं. आज तिच्या भाचीचं तेच चाललंय. मी त्याच दिवशी ठरवलं होतं, फौजेच्या संघाचं बोलावणं आलेलं, टराटरा फाडलं. जिथं माझ्या बहिणीची ही किंमत, तिथं मी खेळत नाही! मेल्दाला पाठवलं हीच माझी चूक झाली."

पाटण्याची ही हकीकत घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की लहान पोरांनाही पाठ होती. पौलुस ती सांगताना दर वेळी उभा राहायचा. आजही उभाच होता, मूठ आवळून, मान ताठ. बहिणीसाठी स्वतःचं बोलावणं फाडलेला भाऊ! गावात लोक त्याला मानायचे ते त्यासाठीच.

अगस्तिनानं शेंगांनी भरलेलं सूप बाजूला ठेवलं.

"दादा," ती म्हणाली, "पाय धुवायला कुणी सांगितलं नव्हतं."

पौलुसला कळलंच नाही. "काय?"

"पाटण्यात. कुणी काही बोललं नव्हतं मला. नावसुद्धा कापलं नव्हतं. मीच निघून आले."

रोजालियानं पीठभरला हात पदराला पुसला.

"आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यातली काठी हातात आली होती," अगस्तिना बोलत राहिली. थांबली असती तर पुन्हा सुरू करणं तिला जमलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "चेंडू आला की मी मारायची आणि शिट्टी वाजायची. एकदा झालं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा पंचानं डावा हात पालथा धरला आणि दुसऱ्या हातानं त्याची पाठ थोपटली. असं. मला काही कळलं नाही. सगळ्या पोरी बघत होत्या. मी काठी तिथंच टाकली आणि चालायला लागले. मागून दोनदा हाक मारली त्यांनी. मी वळले नाही. आणि स्टेशनवर तू घ्यायला आलास, रात्रभर उभ्यानं प्रवास करून आलास, तुला काय सांगू मी? मला खेळता आलं नाही म्हणून सांगू? तोंडाला आलं ते सांगितलं."

"पण नियम..." मार्कुस पुटपुटला. "नियम तर तुला ठाऊक होता ना ताई, पुढं?"

"पुढं कळला. पण पाटण्याशी जोडून कधी बघितला नाही. बघायचाच नव्हता रे मला. काल तिथं बसले होते आणि त्या पंचबाईनं हात पालथा धरून पाठ थोपटली. तीच खूण! तीस वर्षांनी कळलं मला, की मी काय केलं होतं. कुणी माझ्यावर अन्याय केला नव्हता. मी विचारलं असतं, तर त्याच जागी कळलं असतं."

पौलुस खाली बसला, पायरीवर नाही, अंगणातल्या मातीवरच. वयाच्या पन्नाशीतला धिप्पाड माणूस, पण चेहरा पार उतरला होता. तो रागावेल, हात उगारेल, असं अगस्तिनाला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला.

"मी पत्र फाडलं," तो म्हणाला.

"हो."

"तू समोर उभी होतीस. थांब म्हणाली नाहीस."

"नाही म्हणाले." अगस्तिना म्हणाली. "तू माझ्यासाठी भांडत होतास, दादा. आधी कधी कुणी भांडलं नव्हतं माझ्यासाठी. मला थांबवता नाही आलं."

रोजालिया, जी पाच मिनिटांपूर्वी नणंदेला फाडून खायला निघाली होती, ती तिच्याजवळ जाऊन बसली. खांद्याला खांदा लावून बसली नुसती. मार्कुस बोकडाचा दोर हातात धरून उभा होता, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणाच्या बाजूनं मान डोलवावी ते सुचत नव्हतं.

पौलुस उठला. कपडे झटकले. गाडीची किल्ली खिशातून काढली.

"चल," तो अगस्तिनाकडे न बघता म्हणाला. "पोरीला तूच सांग. मला सांगितलंस तसंच सांग. मग ती म्हणेल तसं."

बोलेरोत दोघंच होती. चौकाचौकांत मेल्दाच्या संघाचे मोठाले फलक लागलेले, त्यांच्याखालून गाडी जात होती. कचहरी चौकात सिग्नल हिरवा झाला तरी पौलुस तसाच बसून राहिला. मागच्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला.

"मी फुलबॅक होतो, आगू," तो गाडी गियरमध्ये टाकत म्हणाला.

"माहितेय."

"चांगला होतो."

"माहितेय, दादा. जामटोलीत तुझ्यासारखा नंतर कुणी झाला नाही."

पौलुसनं गाडी हॉटेलच्या फाटकातून आत घेतली.

मेल्दा खालच्या दिवाणखान्यात कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसली होती. पायाला पट्टी, डोळे सुजून लाल. बापाला बघून ती उठली, मग मागं आत्या दिसली तशी परत बसली.

"बॅग भरून ठेवलीय," ती म्हणाली.

"जाऊ," पौलुस म्हणाला. "आधी आत्या काय सांगते ते ऐक."

"मला नाही ऐकायचं." पोरीनं तोंड फिरवलं. आणि मग रात्रभर दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "तूच शिकवलंस मला ते! दोन्ही बाजूंनी मार, दोन्ही बाजूंनी मार! सात वर्षं मी झोपेतसुद्धा मनगट फिरवते आत्या, सात वर्षं! आणि काल चेंडू आला तेव्हा मी जामटोलीतच होते. माझ्या डोक्यात सेंटर नव्हतं, मॅडम नव्हत्या, काही नव्हतं. तू कडेला उभी होतीस आणि म्हणत होतीस, हाण!"

"खरं आहे," अगस्तिना म्हणाली. "मी चुकीचं शिकवलं."

मेल्दानं चमकून बघितलं. आत्याला चूक कबूल करताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मोठ्यांनी चूक कबूल करायची असते, हेच मुळी आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मग अगस्तिनानं सांगितलं. सगळं. सकाळी अंगणात सांगितलं होतं त्याहून जास्त. काठी टाकल्यावर हात कसे थरथरत होते तेही सांगितलं, आणि स्टेशनच्या नळावर आपण खरोखरच पाय धुतले होते, तिथंच ते खोटं सुचलं, हेही सांगितलं. पौलुसनं हे पहिल्यांदाच ऐकलं. तो खिडकीकडे बघत उभा राहिला.

"म्हणजे बाबांनी पत्र..." मेल्दानं विचारलं.

"माझ्यामुळे फाडलं," अगस्तिना म्हणाली. "मी एकटी मैदानातून चालत गेले नाही बघ. माझ्यामागून तुझा बापही निघून गेला. आता तू जा म्हणशील तर गाडी बाहेर उभी आहे, डिझेल भरलेलं आहे. पण पाय दुखतोय म्हणून जाऊ नकोस. मला जमलं नाही, मी हरले, माझी चूक झाली, असं मोठ्यानं म्हण आणि मग जा. माझ्यासारखं खोटं बरोबर घेऊन जाऊ नकोस. फार वर्षं सांभाळावं लागतं गं ते."

मेल्दानं नाक ओढलं, बाहीला पुसलं. मग बापाकडे बघितलं.

"बाबा, तुम्हाला राग नाही आला?"

"आलाय," पौलुस म्हणाला. "अजून आहे. घरी जाऊन काढीन सावकाश. तुझं बघ आधी."

पोरीला रडता रडता हसू फुटलं. नेमक्या त्याच वेळी प्रशिक्षक बिमला मॅडम हातात कागद घेऊन आल्या. हरियाणाची उंच बाई, घड्याळाखेरीज कशाला न भिणारी. "बाराला पंधरा मिनिटं कमी आहेत," त्या म्हणाल्या. "बोल बेटा. लिहू की खोडू?"

मेल्दा उभी राहिली. "मॅडम, माझा पाय दुखत नाहीये. मी खोटं बोलले. मला भीती वाटत होती."

"पाय दुखत नाही ते मला रात्रीच कळलं होतं," मॅडम म्हणाल्या. "जेवायला जाताना डावा लंगडत होता, येताना उजवा. भीतीचं काय? गेली?"

"नाही."

"मग बरं झालं. न घाबरणाऱ्या माझ्याकडे तीन आहेत, त्यांनीच डोक्याला ताप दिलाय." त्यांनी कागदावर नाव लिहिलं. "सुरुवातीला बाकावर बसशील. पट्टी काढ ती."

तो सामना आपण दोन-एकनं जिंकला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पेपरात आलं, गावात मिरवणूक निघाली. गोल करणाऱ्यांत मेल्दाचं नाव नाही. ती शेवटच्या सत्रात, एक-एक बरोबरी असताना आत गेली आणि फार तर दहा मिनिटं खेळली. बिलुंगांच्या घरात मात्र तो सामना सांगतात तेव्हा गोलांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्या दहा मिनिटांतला एकच प्रसंग सांगतात.

जपानच्या गोलासमोरच्या अर्धवर्तुळाजवळ, डीजवळ मेल्दाकडे चेंडू आला. डाव्या अंगालाच आला, कालच्यासारखा. पोरीनं मनगट फिरवलं, काठीची सपाट बाजू चेंडूला लागली, आणि गावच्या मंडळींनी आरोळी ठोकायला तोंड उघडलं, तोच शिट्टी वाजली. पंचबाईनं दोन्ही हात छातीसमोर आणून काहीतरी खूण केली. चेंडू जपानला.

"आता काय झालं?" रोजालिया किंचाळली. "आता तर सरळ मारला ना!"

मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, हिला काढा बाहेर. मार्कुस त्याच्याशी भांडायला उठला. चक्क मार्कुस! अगस्तिनाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती मैदानावरच्या पोरीकडे बघत होती. मेल्दा काठी हातात घेऊन उभी होती, खाली मान घालून. अगस्तिनाला तिचे हात दिसत नव्हते, पण ते कसे असतील ते तिला ठाऊक होतं.

मग मेल्दा पंचाकडे चालत गेली. भांडायला नाही, हात मागं बांधून गेली, शाळेत बाईंकडे जातात तशी. काहीतरी विचारलं. पंचबाईनं तीच खूण पुन्हा करून दाखवली, हळू, आणि अंगानं थोडी वळली, म्हणजे तू अशी मध्ये आलीस, तिची वाट अडवलीस. मेल्दानं ऐकलं, मान हलवली आणि पळत आपल्या जागेवर गेली. सगळं मिळून पाच-सहा सेकंदांचं काम. खेळ तिच्यासाठी थांबला नव्हता. जपानच्या पोरींनी तोवर चेंडू पार दुसऱ्या टोकाला नेला होता आणि सगळं स्टेडियम तिकडे बघत होतं.

अगस्तिना रडत होती, हुंदके देऊन, तोंडात पदर कोंबून. पौलुस तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होता. सकाळपासून त्यानं गाडीतलं आणि हॉटेलातलं सोडलं तर तिच्या वाऱ्याला उभं राहायचं टाळलं होतं.

"आगू," तो म्हणाला, "पाटण्याला पंच किती लांब होता गं तुझ्यापासून?"

अगस्तिनानं डोळे पुसले आणि मधल्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं.

"एवढाच," ती म्हणाली. "तू बसलायस एवढाच."

पौलुसनंही त्या खुर्च्यांकडे बघितलं. मग उठला आणि तिच्या शेजारी येऊन बसला.